ब्युरोचा अनुभव, दोन वह्या आणि एक कॅमेरा

रेटिंग आधीच सांगून टाकतो, ५ पैकी २. ते २ पण कशाचे ते खाली कळेल. ब्युरोचं नाव देत नाहीये, एकतर आत्ता त्यांच्याकडूनच माणूस घेतलाय, दुसरं म्हणजे पुण्यात घरी पेशंट सांभाळायला माणसं पुरवणारे ब्युरो गल्लोगल्ली आहेत आणि चारपाच घरी विचारलं तर सगळ्यांची कहाणी साधारण हीच निघते, त्यामुळे नाव बदलून वाचलंत तरी चालेल.

आई ८१ वर्षांची. जुलैत बाथरूममध्ये पडली, डावा खुबा गेला, ऑपरेशन करून अर्धा सांधा बदलला, सहाव्या दिवशी घरी. हॉस्पिटलात सगळं छान होतं हो, बेल दाबली की सिस्टर हजर. घरी आल्यावर पहिल्या रात्रीच कळलं की आपल्याला काहीच येत नाही. डायपर बदलायचा कसा, कूस वळवताना ऑपरेशनचा पाय आत वळू द्यायचा नाही म्हणजे नक्की कुठे धरायचं, त्यात रात्री ती गोंधळायची, मला ओळखायची नाही, "गाडी चुकेल, मला स्टेशनवर सोडा" असं चालायचं. मी आणि बायको दोघं नोकरीला, मुलाची बारावी. तीन रात्री काढल्या आणि चौथ्या दिवशी ब्युरोला फोन.

जाहिरातीत काय होतं, "ट्रेन्ड नर्स, पोलीस व्हेरिफाइड, घरच्यासारखी काळजी, विश्वासाचं दुसरं नाव". रजिस्ट्रेशन ३,००० रुपये, नाइट ड्युटी १२ तासाचे ८५० रुपये, आठवड्याचे पैसे आधी. दोन पानी अॅग्रीमेंट होतं, त्यावर मी न वाचता सही केली. व्हेरिफिकेशन म्हणजे आधारकार्डाची झेरॉक्स निघाली, पण ते नंतर.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो कारण मलाही माहीत नव्हती. ब्युरो ज्याला नर्स म्हणतो ती बहुतेक वेळा नर्स नसते. नर्स म्हणजे जीएनएम, तीन वर्षांचा कोर्स, किंवा एएनएम, दोन वर्षांचा, आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर असतो, तो मागायचा सरळ. घरी येतात त्या केअरटेकर, कोणी थोड्या महिन्यांचा कोर्स केलेल्या, कोणी काहीच नाही, हाताखाली शिकलेल्या. यात वाईट काही नाही, आईला केअरटेकरच पाहिजे होती, इंजेक्शन वगैरे काही नव्हतं. पण मग नर्स म्हणून का विकता? उद्या नाकातली नळी असलेला पेशंट असेल आणि घरच्यांनी "नर्स आहे ना" म्हणून तिच्यावर सोडलं तर?

तर पहिल्या मावशी आल्या. पन्नाशीच्या असतील, बोलायला गोड, आईला "आज्जी" म्हणायच्या. पहिल्या रात्रीपासून आई शांत. इतकी शांत की मी आणि बायको सकाळी एकमेकांकडे बघून हसलो, म्हणलं पैसे वसूल. मावशींनी एक वही केली होती, त्यात बीपी, गोळ्या, लघवी किती वेळा, कूस बदलली का, सगळं रोज लिहिलेलं. मी रोज ऑफिसला जाताना वहीवर नजर टाकायचो आणि खूश व्हायचो. नजर टाकायचो म्हणजे काय, वही भरलेली आहे हे बघायचो, काय भरलंय ते नाही.

आई सकाळी अकरापर्यंत झोपून असायची. फिजिओ यायचा साडेनऊला, तो दोन दिवस म्हणला "आजी आज पण सुस्त आहेत, वॉकर उद्या करू". मी म्हणलं वय आहे, ऑपरेशन झालंय, होतं असं. तोंडातून लाळ गळायची, बोलणं जड. तेही वयावर ढकललं. वयाचं एक बरं असतं, त्याच्यावर काहीही ढकलता येतं.

आठव्या दिवशी मावशी म्हणाल्या, "झोपेच्या गोळ्या संपल्यात, आणून ठेवा". आईला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी जुनी अल्प्राझोलामची गोळी चालू ठेवली होती, सगळ्यात कमी पॉवरची, अर्धी, तीही झोप अजिबात नसेल तरच. मी चिठ्ठी घेऊन कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे गेलो. तो माणूस वीस वर्षं ओळखीचा आहे, कधी दोन शब्द जास्त बोलत नाही, त्या दिवशी त्याने चिठ्ठी बघितली, मग त्याचं रजिस्टर काढलं (ही गोळी शेड्यूल एच वनमध्ये, म्हणजे जास्त कडक नियम असलेल्या औषधांच्या यादीत येते, २०१४ पासून पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती गोळ्या दिल्या हे वेगळ्या रजिस्टरला लिहावं लागतं आणि ते तीन वर्षं ठेवावं लागतं) आणि म्हणाला, "दहाची स्ट्रिप अर्धी अर्धी केली तर वीस दिवस जाते. तुम्ही आठव्या दिवशी आलात. आजींना कोण देतंय गोळी?"

मी तिथेच काउंटरला टेकून उभा राहिलो. दहा गोळ्या, वीस अर्ध्या, आठ रात्री. म्हणजे रात्रीला अडीच अर्ध्या. एका वेळी दोन, कधी तीन.

त्याने स्ट्रिप दिली नाही. म्हणाला आधी डॉक्टरांना फोन करा. आख्ख्या प्रकरणात पहिला माणूस जो आपलं काम नीट करत होता तो हा, आणि त्याला आम्ही दहा टक्के डिस्काउंट देत नाही म्हणून नावं ठेवायचो.

घरी येऊन वही उघडली आणि पहिल्यांदा वाचली. बीपी रोज रात्री १२०/८०, सकाळी १२०/८०. आईचं बीपी आयुष्यात कधी १२०/८० आलेलं नाही, गोळी घेऊन पण १४० असतं. झोपेची गोळी, रोज "अर्धी". कूस, "दर २ तासांनी", रोज, एकाच पेनने, एका बैठकीत लिहिल्यासारखं. आणि खरं सांगतो, शेवटची ओळ वाचून हसू आलं आधी आणि मग घाम फुटला, कारण दुसऱ्या दिवशी सकाळचं बीपी पण लिहून तयार होतं.

आत्याला फोन केला. आत्या मुंबईत महापालिकेच्या हॉस्पिटलात सिस्टर होती, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली पण आवाज अजून वॉर्डातलाच. माझं सगळं ऐकून घेतलं नाही तिने, मध्येच तोडलं, "माकडहाड बघितलंस का?" म्हणलं नाही. "टाचा?" नाही. "मग फोन ठेव आणि बघ. लाल दिसलं तर बोटाने दाबायचं, बोट काढल्यावर पांढरं पडून परत लाल झालं तर वेळ आहे, दाबूनही लालच राहिलं तर सुरुवात झाली समज." बायकोने बघितलं. माकडहाडावर रुपयाएवढा डाग, दाबूनही लालच.

आत्याने त्यानंतर जे ऐकवलं ते अजून कानात आहे. ती म्हणाली, बेडसोर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, हा पेशंटचा आजार नसतो, सिस्टरची हजेरी असते. मग तिने अरुणा शानबागचं काढलं, तिच्या पिढीच्या सगळ्या सिस्टर काढतात. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधली नर्स, १९७३ मध्ये तिथल्याच सफाई कामगाराने हल्ला केला, त्यानंतर ती २०१५ मध्ये जाईपर्यंत, म्हणजे जवळपास ४२ वर्षं, तिथेच चार नंबर वॉर्डात पडून होती आणि तिथल्या सिस्टर लोकांनी तिला सांभाळलं. दयामरणाची केस सुप्रीम कोर्टात गेली तेव्हा हॉस्पिटलने सांगितलं होतं की इतक्या वर्षांत एकदाही तिला बेडसोर झालेला नाही, आणि २०११ च्या निकालात कोर्टाने त्या नर्सेसचं मनापासून कौतुक केलं होतं. "तिला कोण विचारणार होतं रे," आत्या म्हणाली, "तक्रार करायला तोंड नव्हतं तिला. तुझ्या आईला आठ रात्रीत डाग पडला." मला वाटलं ती मावशींना बोलतेय. थोड्या वेळाने लक्षात आलं मला पण बोलतेय.

रात्री मावशी आल्या. मी भांडायच्या तयारीत. वही पुढे टाकली, गोळ्यांचा हिशोब सांगितला. आधी नाही म्हणाल्या, मग गप्प, मग रडल्या. "दादा, मला दिवसा पण ड्युटी असते, एक आजोबा आहेत, ब्युरोनेच लावलंय, सकाळी आठ ते रात्री आठ. तिथनं निघून इथं येते. आज्जी रात्रभर उठून बसतात, पडल्या तर माझ्यावर येईल, मला डोळा उघडा ठेवता येत नाही हो." म्हणजे ही बाई आठ दिवस चोवीस तास कामावर होती. आमच्याकडचे ८५० ब्युरोला जात होते, तिच्या हातात ५००.

आता इथे मला कळत नाही काय वाटून घ्यायचं. तिने केलं ते भयंकर आहे, म्हाताऱ्या माणसाला अशा गोळ्यांनी गोंधळ वाढतो, तोल जातो, गुंगीत पाणी पाजलं तर ते फुफ्फुसात जाऊ शकतं, डॉक्टर दुसऱ्या दिवशी माझ्यावर ओरडलेच. तिला माफ करा असं मी म्हणत नाहीये. पण ती रोज रात्री आमच्या घरी येताना दुसऱ्या घरचा रिकामा डबा पिशवीत घेऊन यायची, तो मी बघितला होता. विचारलं नाही. विचारलं असतं तर दुसरी बाई शोधावी लागली असती.

ब्युरोची रिअॅक्शन ऐका. फोन केला, सगळं सांगितलं, पलीकडून "ओके सर, रिप्लेसमेंट देतो, आज रात्रीच देतो". म्हणलं रिप्लेसमेंट म्हणजे काय, मिक्सर आहे का. त्या बाईंचं काय करणार? "त्यांना दुसरीकडे लावलं सर." दुसरीकडे म्हणजे? "दुसऱ्या पेशंटकडे." त्या घरच्यांना सांगितलंत का काय झालंय? यावर जे उत्तर आलं त्यासाठीच मी हा रिव्ह्यू लिहितोय. "सर, असं सांगितलं तर कोण घेईल?"

मी लेखी तक्रार मेल केली, उत्तर आलं "आपल्या तक्रारीची दखल घेण्यात आली आहे". मग ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला नोंदवली, ब्युरोची सर्व्हिस पण ग्राहक कायद्यात बसते, पैसे देऊन घेतलेली सेवा आहे. दहाबारा दिवसांनी रजिस्ट्रेशनचे ३,००० परत आले, मुकाट्याने. मला ते नको होते खरं तर, मला हवं होतं की त्यांनी त्या बाईंना झोपायला वेळ द्यावा आणि पुढच्या घरी खरं सांगावं. त्याचं काय झालं कोणी सांगितलं नाही. ज्यांच्या घरी आईवडील एकटे असतात आणि मुलं लांब आहेत त्यांनी १४५६७ पण सेव्ह करून ठेवा, ज्येष्ठांची सरकारी हेल्पलाइन आहे.

दुसरा ब्युरो का नाही बघितला? बघितले, दोन. एकाकडे महिनाभर माणूस नाही, दुसऱ्याचं अॅग्रीमेंट तर शब्दाला शब्द सेम होतं. त्यामुळे परत तिथेच, पण यावेळी चोवीस तासाची, महिना २६,००० आणि अट घातली की दुसरी ड्युटी लावायची नाही. आणि मी एक कॅमेरा आणला. ऑनलाइन दोन हजारात मिळतो, आईच्या पलंगासमोर देवाच्या फळीवर गणपतीशेजारी ठेवला, फीड माझ्या फोनवर आणि बेंगलोरला भावाच्या फोनवर. नव्या बाईंना सांगितलं नाही. का सांगायचं, आधीचीवर विश्वास ठेवून काय दिवे लावले?

या परभणीकडच्या, पस्तिशीच्या, आल्या आल्या त्यांनी आधी आईचे पाय बघितले, मग पाठ, मग मला म्हणाल्या एअर बेड लागेल आणि ही उशी फेकून द्या. कमी बोलणं. ताई म्हणतो आम्ही. आईला त्यांच्यात तिची नणंद दिसते, ती त्यांना "वन्सं" म्हणते आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या पुरणपोळ्यांबद्दल टोमणे मारते, ताई पण "चुकलं वहिनी" म्हणून मोकळ्या होतात.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ताई किचनच्या दारात उभ्या राहिल्या. "दादा, एक विचारू? आईंना पुसून घेताना त्या कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला तर चालेल का? परत काढून ठेवते लगेच."

मला काय बोलावं सुचेना. त्यांना पहिल्या दिवशीच कळलं होतं. त्या म्हणाल्या, "माझं काही नाही, मला बघा दिवसभर. पण आईंना माहीत नाही ना तुम्ही बघताय ते. त्या मला दार लावून घे म्हणतात पुसताना. मी लावते. आणि वर हे चालूच."

माझी आई आयुष्यात कधी आमच्यासमोर साडी बदलली नाही. बाबा गेल्यावर मी तिला दवाखान्यात नेलं की डॉक्टर तपासताना मला बाहेर पाठवायची. आणि मी चार दिवस मीटिंगमध्ये बसून टेबलाखाली फोन धरून तिचं डायपर बदलताना बघत होतो, विश्वास ठेवता येत नाही म्हणून. भाऊ पण बघत होता. आम्ही दोघांनी एकमेकांना एकदाही विचारलं नाही की हे बरोबर आहे का. ते एका पगारी बाईने विचारलं, जिला आम्ही चोर समजून तो बसवला होता.

कॅमेरा त्याच रात्री हॉलमध्ये गेला, दाराकडे तोंड करून. ज्यांना खोलीत ठेवायचाच असेल त्यांनी ठेवा, माझं म्हणणं असं नाही की ठेवूच नका, आईबाप एकटे असतील तर मलाही दुसरं काय सुचलं असतं माहीत नाही, पण सांभाळणाऱ्याला सांगून ठेवा, पेशंटला सांगा, तिला अर्धंच कळलं तरी सांगा, आणि अंघोळीच्या वेळी बंद.

आता ताईंची वही. या वहीसाठी ते २ स्टार आहेत, ब्युरोने माणूस चांगला पाठवला एवढंच श्रेय. अक्षर वेडंवाकडं, शुद्धलेखनाचं नाव नाही, पण ही वही मी रोज वाचतो. काही ओळी त्यांना विचारून इथे टाकतोय.

"दुपारची २ ची गोळी विसरले. ४ ला दिली. ताईला फोन केला." (ताई म्हणजे माझी बायको.)

"बीपी १५२/८४. परत बघितलं १४८."

"आज खुर्चीत बसवताना आईचा पाय पलंगाला लागला. लाल झालय. माझ्याकडून झालं."

"आईनी ५०० रु दिले, पगार म्हणे. कपाटात निळ्या डब्यात ठेवले." ही ओळ दर दोन दिवसांनी आहे. आईला वाटतं घर अजून तीच चालवते, ती ताईंना पगार देते, ताई तिच्यासमोर नोट कपाळाला लावून घेतात आणि मग डब्यात टाकतात, दुसऱ्या दिवशी बायको तीच नोट आईच्या पर्समध्ये परत ठेवते. एकच नोट फिरतेय बहुतेक. बायको एकदा म्हणाली, एखादी ठेवून घ्या हो ताई, आम्ही काय म्हणणार. तर त्या म्हणाल्या, "त्यांना उद्या आठवणार नाही दिलेलं. मग मी ते घेतलेलं कसं होईल?"

पाय लागला त्या दिवशी मी ऑफिसात होतो. घरी आलो तेव्हा बाहेरून काही दिसत नव्हतं, आईला आठवत नव्हतं, कॅमेरा नव्हता. लिहिलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं. वाचून मला राग यायला पाहिजे होता पण उलटंच झालं, त्या रात्री मी पहिल्यांदा आईच्या खोलीत दोनदा उठून गेलो नाही. डॉक्टरांना दाखवलं, मुका मार होता.

माकडहाडावरचा डाग पाचसहा दिवसात फिका पडला. रात्री गोळी बंद, डॉक्टरांनी हळूहळू कमी करून बंद केली (एकदम तोडायची नसते ही गोळी, स्वतःच्या मनाने तर अजिबात नाही). आई रात्री उठून बसते अजून, पण ताई तिच्याशी बोलतात, पाणी देतात, "गाडी दोन तास लेट आहे, तोवर पडा" म्हणतात. आणि ती पडते! आम्ही तीन रात्री तिला समजावत बसलो होतो की आई ही खोली आहे, हे स्टेशन नाही. फिजिओ म्हणतो आता दारापर्यंत वॉकरने जातात.

ताईंना सुट्टी अॅग्रीमेंटप्रमाणे महिन्यातून शून्य आहे. आम्ही रविवारी दुपारनंतर सोडतो, तेव्हा मी करतो सगळं, कूस वळवणं, डायपर, सगळं. आधी आई माझ्या हाताने करून घ्यायची नाही. आता डोळे मिटून घेते.

बाकी ब्युरो तसाच. महिन्याच्या एक तारखेला पैशाचा मेसेज सकाळी सातला येतो, पण आई कशी आहे असा फोन तीन महिन्यात एकदा नाही. सुपरव्हिजन व्हिजिट आठवड्याला एक असं अॅग्रीमेंटमध्ये लिहिलंय, एकदा एक मुलगा आला, दारातच सही घेऊन गेला, आत पण आला नाही.

मग साहजिक प्रश्न, ताईंना डायरेक्ट ठेवून ब्युरो काढून का नाही टाकत. २६ हजारातले त्यांना १७ मिळतात, आम्ही २३ दिले तरी दोघांचा फायदा. अॅग्रीमेंटमध्ये आहे की वर्षभर डायरेक्ट ठेवायचं नाही, ठेवलं तर २५,००० दंड, तो पण भरू असं आमचं ठरलं होतं. ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "नको दादा. मुलीच्या फीला ब्युरोकडून दहा हजार उचल घेतलीय, फिटेपर्यंत तिथंच." उचल हा शब्द त्यांनी इतका सहज वापरला, त्यांचे आईवडील उसतोडीला जायचे तेव्हा मुकादमाकडून घ्यायचे तीच उचल. मी म्हणलं ते दहा मी देतो. त्यावर त्या हसल्या, "मग मी तुमच्या उचलीत. आईंचं करताना चुकलं काही माझ्याकडून तर वहीत लिहायला हात धजेल का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाहीये. उचल फेब्रुवारीत फिटते म्हणतात. तोवर महिन्याचे २६,००० ब्युरोलाच जातायत, रेटिंग २ च राहील.